फोटोतली एक मुलगी आणि घरातल्या बाकीच्या

मागच्या वेळी आपण व्याजाचा हिशोब पाहिला होता. आज तो बाजूला ठेवते, कारण आमच्या गटात एक प्रश्न आला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी पार आफ्रिकेत जाऊन पोचले. म्हणजे पुस्तकांतून आणि मोबाईलवरून. विमानाचं तिकीट आपल्या फिरत्या निधीतून निघत नाही!

झालं असं. बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, आणि आमच्यातल्या एका ताईनं पिशवीतून एक फॉर्म काढला. एका संस्थेची माणसं तिच्या वस्तीवर आली होती. त्यांनी धाकटीचा फोटो काढला, नाव, वय, इयत्ता, आवडता खेळ असं सगळं लिहून घेतलं आणि सांगितलं, की लांबचं एक कुटुंब हिच्या शिक्षणाचा खर्च उचलेल. हिनं विचारलं, "आणि थोरलीचं?" तर म्हणाले, थोरलीचं वय बसत नाही. थोरली नववीत आहे. ती दाराला टेकून हे सगळं ऐकत होती. ताई मला म्हणाली, "मॅडम, असं आणखी कुठं चालतं? आणि त्या पोरांचं पुढं काय होतं?" मला त्या दिवशी काही सांगता आलं नाही.

आपल्याकडे शाळेत सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना आहे, ती तुम्ही ऐकली असेल. जातकुळी तीच. मूल आपल्याच घरी राहतं, आईबाप तेच राहतात, फक्त खर्चाचा काही भाग दुसरं कोणी देतं. जगभर ही पद्धत लढायांमधून आली. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीत उघड्यावर पडलेल्या मुलांसाठी 'प्लॅन' ही संस्था निघाली. कोरियाच्या युद्धातल्या अनाथ मुलांसाठी १९५० मध्ये 'वर्ल्ड व्हिजन' आणि १९५२ मध्ये 'कम्पॅशन' अशा दोन ख्रिस्ती संस्था निघाल्या. पुढे हे काम आफ्रिकेत गेलं आणि तिथं चांगलंच रुजलं. गंमत बघा, ज्या कोरियातल्या पोरांसाठी कम्पॅशन सुरू झाली, त्याच दक्षिण कोरियातली माणसं २००३ पासून दुसऱ्या देशांतल्या मुलांचे पालक झाली आहेत.

आता युगांडातलं एखादं गाव डोळ्यांपुढे आणा. केळीच्या बागा, मक्याची आणि कसाव्याच्या कंदांची शेती, पिवळ्या कॅनमधून पाणी आणणाऱ्या पोरी. सरकारनं १९९७ मध्ये प्राथमिक शाळेची फी माफ केली. पण फी माफ झाली म्हणजे शाळा फुकट झाली असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. गणवेश, वह्या, परीक्षेचे पैसे, दुपारचं जेवण हे उरतंच. मग घरातलं एक पोर शाळेत जातं आणि एक शेतावर राहतं.

अशा गावात चर्च ही परकी गोष्ट नाही. युगांडात दहातली आठ माणसं ख्रिस्ती आहेत. पाळकाला घराघराची माहिती असते, कोणाचा बाप वारला, कोणाकडे एकच वेळ चूल पेटते. म्हणून कम्पॅशनसारखी संस्था स्वतःचं ऑफिस न थाटता गावातल्या चर्चमार्फतच काम करते. चर्चची माणसं घरं फिरतात, मुलं निवडतात, फोटो काढतात. तो फोटो आणि माहितीचा कागद अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या नाहीतर कोरियातल्या एखाद्या चर्चमध्ये जातो. रविवारची उपासना संपली की तिथं टेबलावर असे कागद मांडलेले असतात. एखादी बाई त्यातला एक उचलते आणि महिन्याला चाळीस डॉलरच्या आसपास रक्कम द्यायचं कबूल करते. काही ठिकाणी तर तिकडचं अख्खं चर्च ठरवतं, की आपण सगळ्यांनी एकाच भागातली मुलं घ्यायची. मग हे गाव आणि ते गाव असं नातं तयार होतं. पत्रं जातात, येतात, कधी तिकडची माणसं बघायलाही येतात.

पैशाचं काय होतं, हे संस्थेगणिक वेगळं आहे. इथं बाया बहुतेक वेळा फसतात, म्हणून नीट ऐका. एका पद्धतीत पैसा त्या मुलाच्या नावानं खर्च होतो: शाळेचा खर्च, गणवेश, डॉक्टरची तपासणी, केंद्रावरचं जेवण आणि शिकवणी. दुसऱ्या पद्धतीत, वर्ल्ड व्हिजन आणि प्लॅन साधारण असं करतात, फोटो एका मुलाचा असतो पण पैसा अख्ख्या भागाच्या कामात जातो. विहीर, शाळेची खोली, दवाखाना, शेतीचं प्रशिक्षण. मुलाच्या हातात रोख रक्कम दोन्हीकडे पडत नाही. यात वाईट काही नाही, पण देणाऱ्याला वाटतं माझे पैसे त्या पोरीला मिळाले, आणि पोरीच्या आईला वाटतं माझ्या पोरीच्या नावानं आलेले पैसे गेले कुठं! भांडण इथूनच सुरू होतं.

आता ताईचा दुसरा प्रश्न, त्या मुलांचं पुढं काय झालं. यावर एक अभ्यास आहे आणि तो मला फार आवडला. ब्रूस वायडिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो २०१३ मध्ये छापला. केनिया आणि युगांडा धरून सहा देश, आणि त्यांत आपला भारतही होता. दहा हजारांवर माणसांची माहिती घेतली. युक्ती अशी, की कार्यक्रम गावात आला तेव्हा बारा वर्षांपर्यंतचीच मुलं घेतली गेली होती. म्हणजे एकाच घरातला धाकटा आत गेला आणि थोरला फक्त वयामुळे बाहेर राहिला. आईबाप तेच, घर तेच. मोठेपणी दोघांची तुलना केली. आत गेलेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. माध्यमिक शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही चांगलंच वाढलं होतं. मोठेपणी नोकरी, तीही पगाराची चांगली नोकरी, मिळण्याची शक्यताही वाढली होती.

हे वाचताना मला आपल्या ताईची थोरलीच दिसत होती. अख्खा अभ्यास दाराला टेकून उभ्या राहिलेल्या थोरल्यांवर उभा आहे, असं मनात येऊन गेलं.

दुसरा अभ्यास पश्चिम केनियातल्या बुसिया भागातला. तिथं एक डच ख्रिस्ती संस्था मुलांचं पालकत्व चालवत होती. गरजू मुलं फार आणि गणवेश थोडे, म्हणून चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली. ज्यांना गणवेश मिळाला त्यांची गैरहजेरी सरासरी ३७ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता त्यांची ५५ टक्क्यांनी. फाटका फ्रॉक घालून वर्गात बसायची लाज काय असते हे आपल्यातल्या पुष्कळजणींना माहीत आहे, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. नवल पुढं आहे. आठ वर्षांनी त्याच मुलांकडे पुन्हा पाहिलं, तर गणवेश मिळालेली आणि न मिळालेली यांच्या शिक्षणात काही फरक उरला नव्हता.

मग पहिल्या अभ्यासात फरक का टिकला? माझी समजूत मी सांगते, पटली तर घ्या. गणवेश ही वस्तू आहे, ती विरते. पहिल्या अभ्यासातली मुलं आठवड्याला साधारण आठ तास केंद्रावर जात होती आणि सरासरी नऊ वर्षांहून जास्त काळ जात होती. नऊ वर्षं कोणीतरी त्यांना नावानं हाक मारत होतं, काल का आली नाहीस म्हणून विचारत होतं. ती बाई त्याच गावातली होती, अमेरिकेतली नव्हती. अभ्यास करणारेही म्हणतात, की या मुलांची स्वतःबद्दलची अपेक्षा वाढली, आपण शिकू शकतो असं त्यांना वाटू लागलं, आणि थोडा परिणाम त्याचाही असावा.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती जुनी आहे. १९८२ मध्ये 'न्यू इंटरनॅशनलिस्ट' नावाच्या मासिकानं अख्खा अंकच काढला होता, की अशा तऱ्हेनं एकेका मुलाचं पालकत्व घेऊ नका. म्हणणं असं, की गावात एकाला मिळतं आणि शेजारच्याला नाही, एकाच घरात हेवा शिरतो, आणि आईबाप पोरासमोर लहान होतात. १९९८ मध्ये 'शिकागो ट्रिब्यून' या वर्तमानपत्राच्या माणसांनी स्वतःच बारा मुलांचं पालकत्व घेतलं आणि मग ती मुलं शोधत गावोगाव गेले. काहींना फारसं काही मिळालेलं नव्हतं. आफ्रिकेत मालीमध्ये तर मूल वारल्यावरही पालकाकडून पैसे येत राहिल्याचं निघालं. त्यानंतर संस्थांना नियम कडक करावे लागले. २०१९ मध्ये वर्ल्ड व्हिजननं उलटी चाल केली. पालकांचे फोटो गावात लावतात आणि मूल आपला पालक निवडतं. ऐकायला छान वाटतं. पण निवडायला रांगेत उभं राहायचं ते मुलांनीच.

मलावी देशात एक वेगळी वाट निघाली, ती आपल्याला जवळची वाटेल. २००२ च्या दुष्काळात स्कॉटलंडमधल्या एका कॅथलिक कुटुंबातल्या माणसानं तिथं दोनशे मुलांना शाळेत जेवण द्यायला सुरुवात केली. 'मेरीज मील्स' असं त्याचं नाव. इथं फोटो निवडायचा नाही. शाळेत जो येईल त्याला मग भरून लापशी. मका आणि सोयाबीनची, 'लिकुनी फाला' म्हणतात तिला. भल्या पहाटे मोठ्या भांड्यांत ती ढवळतात त्या गावातल्याच आया, पाळीपाळीनं, मोबदला न घेता. आपल्या गटांतल्या ज्या शालेय पोषण आहार शिजवतात, त्यांनी यावर काय म्हणायचं ते म्हणावं. मानधन वेळेवर येत नाही हे मला माहीत आहे!

आणि आता आपल्या कामाचं. चर्चमधून आफ्रिकेत फक्त परदेशी पैसा येतो असं नाही. 'मदर्स युनियन' नावाची बायकांची संघटना १८७६ मध्ये इंग्लंडमधल्या मेरी समनर यांनी काढली, आणि आज तिच्या सभासद आफ्रिकेत गावोगावी आहेत. साक्षरता वर्ग घेतात, बचत गट चालवतात. बचतीची तिथली पद्धत नायजर देशातून निघाली. १९९१ मध्ये 'केअर' संस्थेनं मराडी भागात बायकांचे गट सुरू केले, त्यांचं नाव 'माता मासू दुबारा', म्हणजे साधारण 'हिकमती बायका'. हौसा भाषेत माता म्हणजे बायका, हा आपला योगायोग. आपल्याकडे नाबार्डनं बँकेशी गट जोडायचा प्रयोग १९९२ मध्ये केला, म्हणजे आपण दोघी जवळपास एकाच वयाच्या.

फरक एवढाच, की त्यांच्याकडे बँक लांब. म्हणून लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे. तिघी हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. वर्ष संपलं की सगळी बचत व्याजासकट वाटून टाकतात आणि पुन्हा शून्यापासून सुरू करतात. तिकडे शाळेचं वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत लागतं, म्हणून वाटप बरेच गट त्याच सुमाराला ठेवतात. त्या पैशातून बाई ठरवते, गणवेश कोणाला घ्यायचा. फोटोतल्या पोरीला की तिच्या बहिणीला, हे विचारायला कोणी येत नाही. ज्या गावात एका पोरीला पालक आहे त्याच गावात असा गट असला, तर बाकीच्यांची सोय आई करू शकते. कितीतरी संस्थांनी आता मुलांच्या कामाला आयांचे असे गट जोडले आहेत, ते उगीच नाही.

एक गोष्ट विसरू नये, आपणही या दोरीच्या घेणाऱ्या टोकाला होतो. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा बोस्टनमध्ये १८८७ मध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ निघालं. ठिकठिकाणच्या बायकांनी दहा वर्षं पैसे देण्याचं वचन दिलं, त्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. अलीकडचं सांगायचं तर कम्पॅशन आपल्या देशातही होती. परदेशी देणगीच्या कायद्याखाली तिला आधी परवानगी घेण्याची अट लागली, ती मिळाली नाही आणि मार्च २०१७ मध्ये तिनं इथलं काम बंद केलं. त्या वेळी सुमारे १,४५,००० मुलं तिच्या यादीत होती. कायदा बरोबर की चूक यात मी पडत नाही. त्या महिन्यात त्या मुलांच्या घरी काय झालं असेल, एवढंच मनात येतं.

तर ताईला मी हे सगळं सांगितलं. मग आम्ही गटात बसून फॉर्म घेऊन आलेल्या माणसांसाठी प्रश्न काढले. पैसा मुलीच्या नावानं खर्च होणार की गावाच्या कामात? हिशोब आईला दाखवणार का, आणि मराठीत दाखवणार का? पालकानं मध्येच सोडलं तर त्या वर्षाचं काय? फोटो कुठं कुठं छापणार, आणि मुलगी मोठी झाल्यावर तिला तो नको वाटला तर काढणार का? केंद्रावर रोज बसणारी बाई आपल्या गावची असेल की बदलीवर येणारी? शेवटचा प्रश्न थोरलीनं स्वतः लिहून दिला. "पालक मिळालेल्या मुलीच्या बहिणीला केंद्रावर अभ्यासाला बसू देतात का?"

ती माणसं मागच्या आठवड्यात आली होती. हिशोब दाखवू म्हणाले. बाकीचं वरून विचारून सांगतो म्हणाले. थोरलीच्या दहावीच्या वह्या-पुस्तकांसाठी गटानं अंतर्गत कर्जाचा ठराव केला आहे, दोन टक्के नाही, एकच टक्का लावायचा ठरलं. फॉर्म गटाच्या पेटीत आहे. त्यावर अजून सही झालेली नाही.