पहिला मान कोणाचा?

लॅपटॉपवर विंडोज तसंच ठेवून शेजारी उबंटू किंवा फेडोरा टाकणारे विद्यार्थी आता कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात सापडतात. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर चार-पाच ओळींची यादी येते, खाली सेकंद उलटे मोजले जातात आणि बाणाच्या कळीने हवी ती ओळ निवडायची असते. ही यादी दाखवणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे बूट लोडर. तो सुरळीत चालतो तोवर त्याची आठवणही कोणाला होत नाही. मग कधीतरी विंडोज नव्याने टाकलं जातं, यादी गायब होते आणि ‘माझं लिनक्स उडालं’ अशी ओरड सुरू होते. खरं तर लिनक्स उडालेलं नसतं. ते डिस्कवर होतं तिथेच, अगदी धडधाकट असतं. त्याला जागं करणारं कोणी उरलेलं नसतं, इतकंच.

असं इतक्या सहज का घडतं, हे कळायला यंत्र सुरू होतानाचे पहिले काही क्षण पाहावे लागतात.

प्रोसेसरला वीज मिळते तेव्हा डिस्क म्हणजे काय, फाइल म्हणजे काय, यातलं त्याला काहीही ठाऊक नसतं. १९७८ साली आलेल्या इंटेलच्या ८०८६ ला एवढंच शिकवलेलं होतं की, वीज आली की ठरलेल्या एका पत्त्यावरची सूचना वाचायची. त्याचा सगळा आवाका १ एमबीचा आणि हा पत्ता त्या आवाक्याच्या टोकापासून फक्त १६ बाइट्स अलीकडे. एवढ्या जागेत काम करता येत नाही, ‘अमुक ठिकाणी जा’ एवढं सांगता येतं. ती उडी प्रोसेसरला मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, म्हणजे बायोसमध्ये नेते. बायोस मेमरी, कीबोर्ड, पडदा तपासतो आणि मग डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट्स, उचलून मेमरीत ३१,७४४ व्या पत्त्यापासून ठेवतो. हा आकडा कुठून आला? १९८१ च्या आयबीएम पीसीवर डॉस चालवायला किमान ३२ केबी मेमरी धरली होती आणि हा पत्ता त्या ३२ केबीतल्या शेवटच्या १ केबीचा आरंभ. पुढे यंत्रात १६ जीबी मेमरी आली तरी जुन्या पद्धतीने सुरू होताना ते पहिला सेक्टर इमानेइतबारे तिथेच ठेवतं.

त्या ५१२ बाइट्सचीही वाटणी झालेली असते. १९८३ मध्ये पीसी एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने तिच्या पहिल्या सेक्टरची मांडणी ठरवली: पार्टिशनच्या तक्त्याला ६४ बाइट्स, शेवटी ओळखीच्या खुणेला २ आणि उरलेले ४४६ प्रोग्रामसाठी. ४४६ म्हणजे किती? यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट्स घेतं. काना-मात्रा-वेलांट्या सुट्या मोजल्या तर या जागेत १४८ चिन्हं मावतील. वर्तमानपत्राची दोन-तीन वाक्यं झाली. तेवढ्यात डिस्क वाचायची, फाइल शोधायची, यादी दाखवायची आणि चूक झाली तर सांगायचीसुद्धा!

पण जागेची टंचाई ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण अशी की पहिला सेक्टर एकच असतो. तक्त्यात चार पार्टिशनांची सोय होती, म्हणजे चौघांना राहायला जागा होती. पण सुरुवातीचा मान एकाचाच. त्यामुळे जी प्रणाली शेवटी टाकली जाईल ती आपला प्रोग्राम तिथे लिहून मोकळी. विंडोजने कधी ‘इथे आधी कोणी आहे का’ असं विचारलं नाही. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा दुकानदारांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांनी घोकलेला नियम या उद्धटपणातून आला.

लिनक्सवाल्यांचा पहिला लोकप्रिय तोडगा होता लिलो. वर्नर आल्मेसबर्गर यांनी तो १९९२ च्या सुमारास लिहिला. त्याची युक्ती अशी की फाइल म्हणजे काय हे समजून घ्यायच्या भानगडीत पडायचंच नाही. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कवर कोणकोणत्या सेक्टरांत पसरलाय त्यांचे आकडे आधीच टिपून ठेवायचे. कर्नल बदलला की ते आकडे शिळे होत आणि नव्याने टिपायची आज्ञा द्यायला विसरलात तर यंत्र सुरूच होत नसे. मात्र लिलोची एक गोष्ट मला फार आवडते. तो आपलं चार अक्षरी नाव एकदम दाखवत नसे, एकेक टप्पा पार पडला की एकेक अक्षर उमटवी. पडद्यावर नुसतं ‘एल’ दिसून यंत्र अडलं, तर पहिला भाग आला पण त्याला दुसरा आणता आला नाही. ‘एल-आय’वर अडलं, तर दुसराही आला पण चालला नाही. जिथे चूक सांगणारा संदेश लिहायला जागाच नाही, तिथे स्वतःच्या नावातून निदान सांगायचं, ही काटकसर मोठ्या पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे.

आज बहुतेक लिनक्सबरोबर येतो तो ग्रब. १९९५ मध्ये एरिक बोलिन ग्नू प्रकल्पाची हर्ड ही प्रणाली पीसीवर सुरू करायच्या खटपटीत होते. प्रत्येक प्रणालीची सुरू व्हायची तऱ्हा वेगळी आणि प्रत्येकीचा बूट लोडर फक्त तिच्याच कामाचा. अनेक प्रणालींना चालेल असा एकच लोडर हवा, या हट्टातून ग्रब जन्मला. त्याने लिलोच्या उलट वाट धरली. फाइल कशी वाचायची हे तो स्वतः शिकला, त्यामुळे कर्नल डिस्कवर कुठेही हलला तरी ग्रबला तो नावाने सापडतो.

आता एवढं ज्ञान ४४६ बाइट्समध्ये कसं मावणार? मावत नाहीच. पहिल्या सेक्टरात ग्रबचा फक्त एक तुकडा बसतो आणि पुढचा तुकडा आणणं एवढंच त्याचं काम. तो पुढचा तुकडा कुठे असतो, हे मजेदार आहे. जुन्या मांडणीत पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्यामध्ये ६२ सेक्टर, म्हणजे सुमारे ३१ केबी, नुसते पडून असत. कोणाच्याच नावावर नसलेली ही जागा ग्रबने वापरायला घेतली. पण मोकळ्या जागेवर डोळा ठेवणारा तो एकटा नव्हता. विंडोजवर चालणाऱ्या काही विकतच्या सॉफ्टवेअरच्या परवाना-यंत्रणाही गुपचूप तिथेच आपली खूण लिहीत. विंडोजमध्ये असं एखादं सॉफ्टवेअर चालवायचं आणि दुसऱ्या दिवशी लिनक्स सुरू होऊ नये, यात काही संबंध असेल असं कोणाच्या मनात येईल?

ग्रबच्या दुसऱ्या पिढीत यावर उपाय आला तो गणितातून. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेली चूक-दुरुस्तीची पद्धत त्यात घातली गेली. मूळ मजकुराबरोबर हिशेबाने काढलेले काही जादा बाइट्स ठेवायचे. थोडा मजकूर बिघडला तर या जादा बाइट्सवरून तो पुन्हा उभा करता येतो. भाजीवाल्याच्या हातगाडीवरचा मळलेला, कोपरा फाटलेला क्यूआर कोड मोबाइल बिनतक्रार वाचतो तो याच पद्धतीमुळे. मधल्या जागेत कोणी थोडीफार खाडाखोड केली, तरी ग्रब सुरू होता होता स्वतःला दुरुस्त करून घेतो.

ग्रबची यादी मनासारखी करून घेणं अवघड नाही. जागा मात्र बरोबर हवी. ग्रब प्रत्यक्षात जी फाइल वाचतो ती उघडून तिच्यात फेरफार करायचा मोह टाळावा. ती फाइल यंत्राने तयार केलेली असते आणि कर्नलचं पुढचं अपडेट आलं की पुन्हा लिहिली जाते. आपले बदल करायचे ते ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातल्या ‘ग्रब’ नावाच्या फाइलीत: कोणती प्रणाली आपोआप सुरू व्हावी, किती सेकंद थांबावं, वगैरे. मग उबंटू, डेबियनमध्ये ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली की नवी यादी तयार. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून मात्र दुसऱ्या प्रणाली हुडकणारा मदतनीस, ओएस-प्रोबर, सुरक्षेपायी मुळातच बंद ठेवलेला असतो, कारण तो सर्वाधिकार घेऊन प्रत्येक पार्टिशन उघडून पाहतो. त्यामुळे विंडोज डिस्कवर असूनही यादीत येत नाही. तो चालू करायची ओळ ‘प्रोबर बंद ठेवा: खोटे’ अशा थाटाची आहे. दुहेरी नकार देऊन होकार मिळवायचा हा प्रकार संगणकवाल्यांनाच सुचू जाणे.

या भांडणाचं मूळ, म्हणजे एकुलता पहिला सेक्टर, काढून टाकलं ते बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयने. इंटेलने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटानियम प्रोसेसरसाठी सुरू केलेलं हे काम २००५ मध्ये अनेक कंपन्यांच्या मंचाकडे गेलं. त्यात डिस्कवर एक छोटं पार्टिशन राखीव असतं आणि प्रत्येक प्रणालीचा बूट लोडर त्यात आपापल्या फोल्डरात साध्या फाइलीसारखा राहतो. कोणी कोणावर लिहायचं कारण उरत नाही. पार्टिशनचा नवा तक्ताही बरोबर आला. त्यात सहसा १२८ नोंदींची सोय असते आणि जुन्या तक्त्याला सुमारे २.२ टीबीपलीकडची डिस्क दिसत नसे, तीही अडचण गेली.

भांडण मात्र मिटलं नाही, ते यादीच्या क्रमावर गेलं. कोणता बूट लोडर आधी, कोणता नंतर, हे मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदलेलं असतं आणि विंडोजचं मोठं अपडेट कधीकधी स्वतःला वर सरकवून घेतं. काही लॅपटॉपांचं फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम, तर क्रम न बघता विंडोजचंच नाव शोधत बसतं. तरीही ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हा दुकानातला सल्ला इथे साफ चुकीचा. सुरू होताना एफ२, एफ१२ किंवा डिलीट, जी कळ त्या लॅपटॉपला चालते ती दाबून क्रम बदलला की बहुतेकदा काम भागतं.

दोन प्रणाली शेजारी नांदवताना आपल्याकडे हमखास दिसणारी एक गंमत घड्याळाची. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. लंडनमध्ये हिवाळाभर हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. आपल्याकडे तो साडेपाच तासांचा. लिनक्स वापरून सकाळी १० वाजता विंडोज सुरू केलं की ते पहाटेचे साडेचार दाखवतं. उपाय दोघांपैकी एकालाच समजावण्याचा: लिनक्सला एका आज्ञेने किंवा विंडोजला रजिस्ट्रीतल्या एका नोंदीने. दोघांनाही समजावलंत तर चूक उलट्या दिशेने परत येते. तसंच विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करावं. ते चालू असताना विंडोज पुरतं बंद होतच नाही आणि त्याच्या पार्टिशनवर लिनक्सला लिहिता येत नाही. आणि काहीही करण्याआधी विंडोजच्या बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. बूटच्या वाटेत फेरफार झालेला दिसला की ते ती मागतं आणि नव्या लॅपटॉपांवर हे कुलूप अनेकदा मालकाला न सांगताच लागलेलं असतं.

आताचा खरा पेच आहे सह्यांचा. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट घरोघरी पोचलं. ज्याच्यावर ओळखीची डिजिटल सही नाही, तो बूट लोडर फर्मवेअर चालवतच नाही. हेतू चांगला, कारण प्रणालीच्या आधी जागा होणारा व्हायरस कोणत्याही अँटिव्हायरसला दिसत नाही. पण जवळपास प्रत्येक पीसीत बसवलेल्या किल्ल्या मायक्रोसॉफ्टच्या. मग मॅथ्यू गॅरेट यांच्यासारख्या लिनक्सवाल्यांनी शिम नावाचा इवलासा प्रोग्राम रचला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घ्यायची आणि पुढे ग्रबची सही शिमने तपासायची. तडजोड व्यवहारी आहे, पण प्रतिस्पर्ध्याच्या सहीशिवाय आपलं पान हलू नये, हे मला अजूनही खटकतं.

या तडजोडीचे तोटे दिसलेही. २०२० मध्ये बूटहोल नावाची त्रुटी उघड झाली. ग्रब आपली यादीची फाइल वाचताना गडबडतो आणि त्या फाइलीवर सही नसते, असं लक्षात आलं. जुने, सही असलेले असंख्य ग्रब एकदम अविश्वासू ठरले. एकेकाचं नाव काळ्या यादीत घालायला मदरबोर्डवर जागा पुरेना, म्हणून पिढीचा क्रमांक पाहून जुन्यांना नाकारायची पद्धत आली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटने हा नियम अनेक ड्युअल बूट यंत्रांवर लागू केला आणि ‘काहीतरी गंभीर बिघडलं आहे’ असा संदेश दाखवून लिनक्स उघडेना. अशा यंत्रांना हात लागणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. ती ओळखण्यात अपडेट चुकलं.

याच सह्यांमागची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने मुदतबाह्य होतात आणि त्यांची जागा २०२३ ची घेतात. आधीच सही झालेले बूट लोडर सहसा चालू राहतात, कारण फर्मवेअर तारीख बघत बसत नाही. नव्या किल्लीने सही केलेला शिम मात्र ती किल्ली यंत्रात असेल तरच चालेल. ती विंडोज अपडेटमधून येते, लिनक्सवर ‘एफडब्ल्यूअपडी’ या साधनातून येते, किंवा लॅपटॉप कंपनीने काढलेल्या फर्मवेअरमधून. ज्यांच्यासाठी कंपनीने फर्मवेअर काढणं कधीच थांबवलंय अशा सात-आठ वर्षं जुन्या लॅपटॉपांवर पहिले दोन मार्ग आधी करून पाहावेत. तेही चालले नाहीत तर सिक्युअर बूट बंद करून लिनक्स टाकायचं.