सड्यावरचे डेन्मार्क

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे एकत्र धरले, तर २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे त्यांची लोकसंख्या ५८ लाखांवर जाते. डेन्मार्क या संबंध राष्ट्राची लोकसंख्या आज ६० लाखांच्या घरात आहे. मुलूख मात्र त्यांचा आपल्या दुपटीहून थोडा अधिक. त्या राष्ट्राच्या उद्योगधंद्यांचा परिचय करून देण्याची आज्ञा संपादकांकडून झाली, तेव्हा मर्स्कची जहाजे, नोव्हो नॉर्डिस्कचे इन्सुलिन, लेगोचे ठोकळे आणि कार्ल्सबर्गची बिअर ही नामावळी कोणत्याही कोशातून उतरून काढता येईल हे ध्यानी आले. आणि ज्या एका डॅनिश धंद्याचे वंशज आपल्या डोंगरावर पाव शतक उभे आहेत, त्यांच्याच पायथ्याशी जाऊन बसावे, अशा विचाराने मी पाटण तालुक्यातील वनकुसवड्याचा सडा चढलो.

डेन्मार्कचा इतिहास येथे पुरता सांगण्याचे प्रयोजन नाही. १८६४ च्या युद्धात श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे प्रांत हातचे गेले. पुढे परदेशी धान्य स्वस्त होऊन युरोपच्या बाजारात उतरल्याने तेथील शेतकऱ्याचा धान्याचा धंदाही बसला, आणि त्याने लोण्याची व डुकराच्या मांसाची कास धरली. १८८२ साली येडिंग या खेड्यात पहिली सहकारी दूधसंस्था निघाली. ज्याच्या गोठ्यात चार गाई त्यालाही एक मत आणि ज्याच्या गोठ्यात चाळीस त्यालाही एकच मत, हा त्या चळवळीचा दंडक होता. कृष्णाकाठच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागू नये. शेतकऱ्यांच्या प्रौढ मुलांसाठी तिकडे लोकविद्यालये निघाली होती. रयत शिक्षण संस्थेच्या छायेत वाढलेल्या सातारकरांना त्यांचेही नवल वाटणार नाही. यांपैकी आस्कोव्ह येथील विद्यालयातल्या पोल ला कूर या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने १८९१ साली सरकारी मदतीने पवनचक्की उभारून वाऱ्यापासून वीज निर्माण केली, त्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर विद्यालयाचे दिवे लावले. दगडी कोळसा नसलेल्या देशाने वाऱ्याकडे वळावे हे स्वाभाविक होते. परंतु ते वळण एखाद्या कारखानदाराने नव्हे, खेड्यातील एका मास्तराने दिले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

ला कूरच्याच शिष्यांपैकी योहानेस यूल याने १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटचे यंत्र उभे केले. तीन पाती, पात्यांचे तोंड वाऱ्याकडे, ते तोंड फिरविण्यासाठी विजेची मोटर, आणि गावच्या तारांशी थेट जोडलेले जनित्र, असा त्याचा घाट होता. १९७३ च्या तेलसंकटात, जवळजवळ सर्व इंधन परदेशातून आणणाऱ्या या राष्ट्राचे डोळे उघडले आणि यूलचा विस्मृतीत गेलेला घाट सुतारांनी, लोहारांनी पुन्हा हाती घेतला. आज जगभर पसरलेल्या व्हेस्टास कंपनीचे मूळही लेम या गावातील एका लोहाराच्या भात्यापाशीच सापडते.

साताऱ्याकडे हे यंत्र आले ते सरळ वाटेने नव्हे. १९९५ साली सुझलॉन ही कंपनी स्थापन करणारे तुळशीभाई तांती यांचा मूळचा धंदा कापडाचा; विजेच्या बिलाने जेरीस येऊन त्यांनी पवनचक्क्या घेतल्या, आणि पुढे कापड सोडून पवनचक्क्यांचाच धंदा धरला. सुरुवातीचे तांत्रिक साह्य त्यांनी जर्मन कंपनीकडून घेतले. तरी कोयनेच्या शिवाजीसागरावर झुकलेल्या वनकुसवड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच जांभ्या खडकावर, नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून ३५० किलोवॅटची जी यंत्रे रांगेने उभी राहिली, त्यांची तीन पाती आणि वाऱ्याकडे वळणारे तोंड यूलच्याच घराण्यातले. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीला, सांगली जिल्ह्यात गुढे-पाचगणीच्या पठारावर आणि ढालगावच्या कोरड्या माळावरही त्यांचे भाऊबंद दिसतात. सड्यावरचे लोक त्यांना नुसते ‘फॅन’ म्हणतात.

मला गुंतवून ठेवले ते त्या यंत्राच्या पात्यांनी नव्हे, मानेने. मनोऱ्याच्या माथ्यावर एक मोठे दातेरी कडे बसविलेले असते. वरच्या पेटीच्या पाठीवरील लहानसे वातकुक्कुट वाऱ्याची दिशा सांगते, आणि त्याच्या इशाऱ्यावर मोटरी त्या कड्याच्या दात्यांत दाते अडकवून अवजड पेटी पात्यांसकट हळूहळू वाऱ्यासमोर आणतात. येथवर सारे सरळ आहे. परंतु पेटीतल्या जनित्राची वीज ज्या जाड केबलांनी खाली उतरते, त्या केबला वर पेटीला आणि खाली जमिनीला पक्क्या बांधलेल्या. पेटी एकाच दिशेने वळत राहिली, की खुंट्याभोवती चरत चरत दावे गुंडाळून घेणाऱ्या बैलासारखी तिची गत होते. म्हणून केबलीचे पीळ मोजणारा एक मोजक तेथे बसविलेला असतो. ठरलेल्या प्रदक्षिणांची मर्यादा भरली, की वारा कितीही चांगला असो, यंत्र आपण होऊन थांबते, उलट्या दिशेने फिरून पीळ सोडवते आणि मगच पुन्हा कामाला लागते.

सड्यावर देखभालीचे काम करणारा एक तरुण मला भेटला. याच डोंगराच्या कुशीतला, आय.टी.आय. शिकलेला. कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोन आकडे, एक सोडायचा तो दुसरा अडकवल्यावरच. त्याच्या तळहातांना ग्रीजचा काळा वास कायमचा लागलेला होता. पावसाळ्यातल्या सोसाट्यात या केबलांना पीळ फार पडत असेल, असा माझा तर्क मी बोलून दाखवला, तेव्हा तो हसला. “पावसाळ्यात कशाचा पीळ? वारं एकाच अंगानं, पश्चिमेकडनं. फॅन एका तोंडानं उभा असतोय. पीळ पडतोय वारं पडल्यावर, कार्तिकात, नाहीतर वळवाच्या आधी. वारं असतंय बोटभर, अन् दहा दिशांनी.” थोडे थांबून तो म्हणाला, “अन् लाईट गेली की मान फिरवायलाबी वीज न्हाई.” वीज निर्माण करणारे यंत्र विजेच्या तारांवाचून मानही हलवू शकत नाही, ही गोष्ट त्याला नित्याची होती, मला मात्र तिने दिवसभर पछाडले.

हा डॅनिश धंदा आपल्या डोंगरावर पुरता रुजण्यात तीन अडचणी आहेत. पहिली आणि सर्वांत हट्टी अडचण ऋतूची. डेन्मार्कमध्ये वारा हिवाळ्यात जोर धरतो आणि विजेची गरजही तेव्हाच वाढते. आपल्याकडे वाऱ्याचा सुगीचा काळ जून ते सप्टेंबर. नेमके तेव्हाच उसाचे पंप बंद असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोटरी रात्रंदिवस चालवायच्या, तर फॅन उभे. डेन्मार्कलाही वाऱ्याचे चढउतार चुकलेले नाहीत. आज तेथील निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे, आणि हे साधते याचे एक कारण असे, की वारा उदंड असता त्यांची वीज समुद्राखालच्या तारांनी नॉर्वेला जाते, नॉर्वे आपल्या धरणांचे पाणी तेवढे राखून ठेवते, आणि वारा पडला की त्या पाण्याची वीज परत येते. वनकुसवड्याच्या माथ्यावरून खाली पाहिले, तर आपले नॉर्वे पायथ्याशीच पसरलेले दिसते. कोयनेची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट; तिचे पश्चिमेकडे वळवावयाचे पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टी.एम.सी. इतके बांधून दिलेले. वाऱ्याच्या महिन्यांत वाचलेला थेंब उन्हाळ्यात कामी यावा, इतकी ही दोन ठिकाणे निकट आहेत. परंतु एक खाजगी मालकांच्या वहीत, दुसरे सरकारी दप्तरात, आणि दोघांचे हिशेब निराळे.

दुसरी अडचण मालकीची, आणि येथे मी तटस्थ राहू शकत नाही. डेन्मार्कमध्ये प्रारंभीच्या यंत्रांपैकी पुष्कळशी गावकऱ्यांच्या मंडळ्यांची होती. शेजारच्या शेतकऱ्याने, शिक्षकाने, दुकानदाराने भाग घ्यावयाचे आणि विजेचे उत्पन्न वाटून घ्यावयाचे. कोपनहेगनच्या बंदरासमोर २००० साली समुद्रात उभारलेल्या मिडेलग्रुंडेनच्या २० यंत्रांपैकी निम्मी अशाच सहकारी संस्थेची, आणि तिचे सभासद साडेआठ हजारांवर. आता तिकडेही मोठ्या कंपन्यांचे दिवस आले आहेत, हे खरे. तथापि २००९ च्या सुमारास तेथील कायद्यानेच नव्या यंत्रांचे २० टक्के भाग शेजाऱ्यांना देऊ करणे बंधनकारक केले होते. आपल्याकडे पहिल्याच वर्षी यंत्राची संपूर्ण किंमत घसारा म्हणून वजा करण्याची प्राप्तिकरात सवलत होती. त्यामुळे या डोंगराचा वारा दूरदूरच्या शहरांतील कंपन्यांना ताळेबंद जुळवण्याच्या कामी आला. ज्या दोन जिल्ह्यांनी वसंतदादांच्या काळापासून ऊस, दूध, सूत आणि कर्ज यांना सभासदत्वाच्या वहीत बसवून दाखविले, त्यांनी वारा मात्र खरेदीखताने देऊन टाकला. सड्याच्या जमिनीला तेव्हा किंमत नव्हती. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागलेला खडक कोणी विकत मागतो, याचेच लोकांना अप्रूप. पुढे ग्रामपंचायतीच्या करावरून तंटे झाले, आणि पाऊस ओढ धरू लागला तेव्हा या पंख्यांनीच ढग हाकलले असा बोभाटाही उठला. शास्त्राच्या कसोटीवर तो उतरत नाही. परंतु यंत्र गावाचे असते, तर तो उठला असता का, याची मला शंका आहे.

तिसरी अडचण वयाची. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २००३ मध्ये नव्या पवनचक्क्यांसाठी पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये, दरवर्षी १५ पैसे वाढ आणि १३ वर्षांची मुदत असा दर बांधून दिला. ती मुदत कधीच संपली. २०१७ मध्ये लिलावांचा प्रघात पडला आणि नव्या प्रकल्पांचे दर तीन रुपयांखाली उतरले. यंत्रांचे आयुष्य साधारण २० वर्षांचे धरतात, म्हणजे सड्यावरची पहिली पिढी तेही ओलांडून गेली. ती उतरवून तिच्या जागी आजची, दोन-तीन मेगावॅटची यंत्रे बसवावीत हे कागदावर सोपे. प्रत्यक्षात एकेका रांगेत निरनिराळे मालक, प्रत्येकाचा करार निराळा, आणि एका मोठ्या यंत्राला जेवढे अंतर लागते तेवढ्यात जुन्यांची चार-पाच ठाणी. सर्वांनी जमीन व हक्क एकत्र करून भांडवलाच्या प्रमाणात भाग घेतल्याशिवाय हे जमणारे नाही. पुण्या-मुंबईच्या वकिलांना हा गुंता मोठा वाटतो. इस्लामपूर-कराडकडच्या कोणत्याही कारखान्याच्या जुन्या सचिवाला तो वाटू नये. उतरवलेल्या काचतंतूच्या पात्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न राहतोच. ती ना वितळत ना कुजत, आणि त्याचे पुरते उत्तर खुद्द डेन्मार्कजवळही नाही. बंद पडलेल्या यंत्रांतील तांब्याची केबल तेवढी रातोरात चोरीस जाते.

त्या तरुणाचा हिशेब याहून साधा होता. ३५० किलोवॅटची सहा यंत्रे जाऊन दोन मेगावॅटचे एक आले, तर सहांच्या जागी चढावयाचा मनोरा एकच, आणि त्याच्यावरची निगराणीही पुष्कळशी दूरच्या शहरातील संगणकावरून. त्याच्या बरोबरीचे दोघे गुजरातेतील साइटवर गेलेही होते. त्याने मात्र अजून अर्ज केलेला नव्हता; घरी दोन म्हशी आहेत, दूध संस्थेला घालतो, असे तो म्हणाला, आणि पुढल्या मनोऱ्याच्या तेलाची तपासणी राहिली आहे म्हणून उठला.