जितेश शर्मा बडोद्याला गेला, पण विदर्भाचं नेमकं काय गेलं? राखीव खेळाडूच्या संघबदलाचं गणित समजून घ्या

जो खेळाडू रणजीच्या अकरा जणांत नव्हताच, तो संघ सोडून गेला तर संघाचं काय बिघडतं? वरवर पाहता काहीच नाही. पण क्रिकेटमध्ये राखीव खेळाडूची किंमत तो बसलेला असताना कळत नाही. ती कळते एखाद्या सकाळी, पहिल्या पसंतीच्या खेळाडूचं बोट मोडतं तेव्हा.

नेमकं काय झालं?

२०२५ च्या पावसाळ्यात, रणजी हंगाम सुरू होण्याआधी, राज्यातल्या तिन्ही संघांत ये-जा झाली. पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. केरळचा अनुभवी अष्टपैलू जलज सक्सेनाही महाराष्ट्राकडे आला. विदर्भाचा करुण नायर आपल्या मूळ राज्यात, कर्नाटकात परतला. आणि अमरावतीचा यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा विदर्भ सोडून बडोद्याला गेला.

शॉ आणि करुण यांच्यावर भरपूर चर्चा झाली. जितेशची बातमी त्या मानाने लवकर मागे पडली. कारण सोपं होतं. २०२४-२५ मध्ये विदर्भाने रणजी करंडक जिंकला, त्या मोहिमेत जितेश एकही सामना खेळला नव्हता.

आयपीएल गाजवणाऱ्याला रणजीत जागा का नव्हती?

कारण त्याच्या जागेवर अक्षय वाडकर होता. वाडकर विदर्भाचा कर्णधार, यष्टिरक्षक आणि मधल्या फळीतला भरवशाचा फलंदाज. २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने १३३ धावा केल्या आणि विदर्भाने पहिल्यांदा करंडक उचलला. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध चौथ्या डावात त्याने शतक ठोकलं, तो सामना मात्र हातातून गेला. अशा माणसाला बसवून दुसऱ्याला ग्लोव्हज देणार कोण?

त्यामुळे २०१५ मध्ये प्रथम श्रेणी पदार्पण करूनही संघ बदलेपर्यंत जितेशच्या नावावर असे अवघे १८ सामने होते. दुसरीकडे मर्यादित षटकांत तोच पहिली पसंती होता. जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारे करंडकाच्या उपांत्य सामन्यात महाराष्ट्राच्या गोलंदाजांनी हे अनुभवलं. त्याने ३३ चेंडूंत ५१ धावा केल्या आणि विदर्भ ३८० पर्यंत पोहोचला. मे महिन्यात लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून त्याने बेंगळुरूला सामना जिंकून दिला. पुढे त्या संघाने आयपीएलही जिंकली.

म्हणजे एकच खेळाडू, पण दोन रांगांत दोन वेगवेगळ्या जागी. टी-२० मध्ये पहिला, रणजीत दुसरा. बडोद्याचा तेव्हाचा कर्णधार कृणाल पंड्या हा त्याचा बेंगळुरूचा सहकारी. अर्थात बडोद्याकडेही रणजीसाठी मितेश पटेल हा यष्टिरक्षक आहेच, त्यामुळे तिथेही जागा ताटात वाढून ठेवलेली नाही.

मराठी खेळाडूने बडोद्याची वाट धरणं नवं नाही. सांगलीत जन्मलेले विजय हजारे आधी महाराष्ट्राकडून खेळले, १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्धच नाबाद ३१६ धावा केल्या आणि मग बडोद्याचेच झाले.

मग विदर्भाचं काय गेलं?

इथे करुण आणि जितेश यांची तुलना केली की चित्र स्पष्ट होतं. करुणने त्या रणजी हंगामात ८६३ धावा केल्या. नागपूरच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ८६ आणि १३५. तो गेला, तेव्हा अकरा जणांत मोठं भगदाड पडलं. पण ते सगळ्यांना दिसतं, म्हणून ते बुजवण्याची तयारीही लगेच सुरू होते.

जितेश गेला, तेव्हा रणजीच्या अकरांत एकही जागा रिकामी झाली नाही. फरक पडला तो रांगेत. वाडकरच्या मागे उभा असलेला, आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेला यष्टिरक्षक नाहीसा झाला. आता दुसऱ्या क्रमांकावर जो येईल, त्याच्या गाठीशी तेवढे मोठे सामने नसतील.

गाडीच्या डिकीतली स्टेपनी काढून ठेवली तर गाडीचा वेग कमी होत नाही. सोलापूर-पुणे प्रवासही नीट होतो. प्रश्न येतो तो टायर पंक्चर झाल्यावरच. ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्याला इराणी करंडकात विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवलं, तेव्हा करुण आणि जितेश दोघेही संघात नव्हते. म्हणजे चारही चाकं दणकट आहेत. पण स्टेपनीची परीक्षा या विजयाने झाली नाही, हेही तितकंच खरं.

मर्यादित षटकांत मात्र तोटा थेट आहे. तिथे विदर्भाने राखीव नाही, तर पहिला यष्टिरक्षक आणि शेवटच्या षटकांत फटकेबाजी करणारा फलंदाज, असे दोन्ही एकाच माणसात गमावले.

यष्टिरक्षकाचंच एवढं कौतुक का?

कारण हे काम ऐनवेळी दुसऱ्या कुणाला देता येत नाही. एक फलंदाज जखमी झाला तर दुसरा वर येतो. गोलंदाज बसला तर बाकीचे चार-चार षटकं जास्त टाकतात. पण दिवसभर ९० षटकं यष्टींमागे उठ-बस करणं आणि फिरकीवर यष्टींना चिकटून उभं राहणं, हे सराव असल्याशिवाय जमत नाही.

नियम काय सांगतो? २०१७ पासून पंचांच्या संमतीने बदली क्षेत्ररक्षक यष्टिरक्षण करू शकतो, पण त्याला फलंदाजी मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टर कसोटीत ऋषभ पंतच्या पायाला चेंडू लागून हाड मोडलं. ग्लोव्हज ध्रुव जुरेलने घातले, पण बॅट घेऊन पंतलाच लंगडत मैदानात यावं लागलं.

त्यानंतर बीसीसीआयने २०२५-२६ हंगामासाठी देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीसाठी पूर्ण बदली खेळाडूची मुभा दिली. हा बदली खेळाडू फलंदाजीही करू शकतो. नाणेफेकीच्या वेळी दिलेल्या राखीव खेळाडूंच्या यादीतूनच तो निवडायचा असतो. यष्टिरक्षकासाठी मात्र खास सवलत आहे. यादीत दुसरा यष्टिरक्षक नसेल, तर सामनाधिकारी यादीबाहेरचाही मंजूर करू शकतात.

या नियमाचा पहिला वापर कुणासाठी झाला? सप्टेंबर २०२५ मध्ये दुलीप करंडकाच्या उपांत्य सामन्यात पश्चिम विभागाचा यष्टिरक्षक हार्विक देसाई जखमी झाला आणि त्याच्या जागी महाराष्ट्राचा सौरभ नवले आला. म्हणजे नवा नियम पहिल्यांदा कामी आला तोच राखीव यष्टिरक्षकासाठी. पूर्वी दुसरा यष्टिरक्षक फक्त ग्लोव्हज घालायला उपयोगी होता, आता तो सामना फिरवू शकतो. त्याची किंमत वाढली, त्याच हंगामात विदर्भाकडून जितेश गेला.

अमेरिकेत याचा तक्ताच असतो

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये प्रत्येक जागेसाठी पहिला, दुसरा, तिसरा खेळाडू कोण, याचा तक्ता असतो. त्याला डेप्थ चार्ट म्हणतात. २०१८ मध्ये तिथे ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. २०२१ पासून खेळाडूला पहिल्या बदलीनंतर वर्षभर न बसता लगेच खेळण्याची मुभा मिळाली. परिणाम असा, की दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरचे खेळाडू वाट बघत बसण्याऐवजी दुसऱ्या कॉलेजात पहिला क्रमांक शोधू लागले. प्रशिक्षकांपुढे दर हंगामात तोच प्रश्न: पहिला जखमी झाला तर मागे आहे कोण?

आपल्याकडे दार एवढं सताड उघडं नाही. जुन्या संघटनेकडून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. शिवाय बाहेरून घेता येणाऱ्या पाहुण्या खेळाडूंची मर्यादा प्रत्येक संघाला तीन आहे.

राखीव राहण्याचा भुर्दंड किती?

बीसीसीआयने २०२१ मध्ये ठरवलेल्या मानधनानुसार रणजीत २० पर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार रुपये, २१ ते ४० सामने खेळलेल्याला ५० हजार आणि त्याहून अधिक सामने खेळलेल्याला ६० हजार मिळतात. राखीव खेळाडूला याच्या निम्मे.

नवख्या खेळाडूचं गणित करून बघू. चार दिवसांचा सामना खेळला तर १ लाख ६० हजार, बाकावर बसला तर ८० हजार. साखळीचे सात सामने धरले तर ११ लाख २० हजार विरुद्ध ५ लाख ६० हजार. आणि खरी मेख पुढे आहे. बसून राहिलेल्याचे सामने मोजले जात नाहीत, म्हणून तो पुढच्या टप्प्यातही जात नाही. वय वाढतं, मानधन तिथेच राहतं.

आयपीएलमध्ये ११ कोटींचा करार असलेल्या जितेशला हा फरक जाणवणार नाही. पण आयपीएल नसलेल्या राखीव खेळाडूसाठी संघ बदलणं हा मानापमानाचा नाही, घरखर्चाचा प्रश्न असतो.

सोलापूरकरांनी याकडे का बघायचं?

कारण आपला पोरगा याच रांगेत आहे. सोलापूर महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतं आणि २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी महाराष्ट्राचा सलामीवीर आहे. शॉ हादेखील सलामीवीरच. तो आला तेव्हा साहजिकच पहिला प्रश्न होता, अर्शिनचं काय?

ऑक्टोबरमध्ये गहुंजेच्या सराव सामन्यात दोघांनी मुंबईविरुद्ध ३०५ धावांची सलामी दिली. शॉ १८१, अर्शिन १८६. आठवडाभराने तिरुवनंतपुरमला केरळविरुद्ध रणजीचा पहिला सामना सुरू झाला, तिथे दोघेही शून्यावर बाद. महाराष्ट्र ५ बाद १८. डाव सावरला तो खाली आलेल्या ऋतुराज गायकवाडच्या ९१ आणि जलज सक्सेनाच्या ४९ धावांनी. महाराष्ट्राने २३९ पर्यंत मजल मारली आणि पहिल्या डावात २० धावांची आघाडी मिळवली. काही महिन्यांपूर्वी नागपूरच्या अंतिम सामन्यात केरळकडून खेळलेला जलज आता केरळलाच नडला. बेंच स्ट्रेंथ म्हणतात ती हीच.

पण या सामन्यात अर्शिनची जागा टिकली म्हणून शॉच्या येण्याची किंमत कुणीच मोजली नाही, असं नाही. ती मोजली महाराष्ट्राच्या तिसऱ्या-चौथ्या सलामीवीराने. त्याचं नाव धावफलकावर दिसत नाही. बाहेरून एक जण आला की मागची अख्खी रांग एक पाऊल मागे सरकते, एक जण गेला की एक पाऊल पुढे. विदर्भात जितेश गेल्याने एखाद्या तरुण यष्टिरक्षकाचं नशीब उघडेल. संघाचा तोटा आणि त्या पोराची संधी, दोन्ही एकाच बातमीत असतात.

म्हणून पुढच्या वेळी अशा बदलीची बातमी मोबाइलवर आली, तर तीन गोष्टी बघा. गेलेला खेळाडू कोणत्या प्रकारच्या क्रिकेटमध्ये कितव्या क्रमांकावर होता? त्याच्या जागेचं काम दुसरा कुणी ऐनवेळी करू शकतो का? आणि आता त्याच्या मागे कोण उभा आहे? २०२४ च्या सुरुवातीला रणजी सामने झालेल्या आपल्या पार्क स्टेडियमच्या आसपास आज ग्लोव्हज घालून सराव करणाऱ्या पोरांसाठी तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याचं उत्तर कधी तरी त्यांच्यापैकीच कुणाचं तरी नाव असू शकतं.