सीझर : एका उपनामाचे बिरुद कसे झाले

रोमचा सेनानी आणि सत्ताधीश गायस जूलियस सीझर (इ.स.पू. १००–४४) याच्या तीन पदांच्या नावात ‘गायस’ हे स्वतःचे नाव, ‘जूलियस’ हे कुळाचे आणि ‘सीझर’ हे त्या कुळातील एका शाखेचे उपनाम होते; म्हणजे जगाने ज्या नावाने त्याला ओळखले ते त्याच्या एकट्याचे नव्हतेच, तर पूर्वजांकडून वारशाने आलेले होते. ही गोष्ट ध्यानात घेतली, की त्या नावाच्या अर्थाविषयी रूढ असलेल्या बऱ्याच कथांचा पाया डळमळतो.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथा प्रसूतीची आहे. आईचे पोट कापून जन्मलेल्या पहिल्या सीझरला ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हे नाव पडले, असे थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आणि पुढे लोकांनी ती कथा थेट जूलियसलाच चिकटवली. आज मराठी घरांत ‘सिझर झाले’ असे सहज म्हटले जाते त्यामागेही तीच समजूत आहे. परंतु त्या काळी ही शस्त्रक्रिया मृत किंवा मरणासन्न स्त्रीवरच होत असे आणि जूलियसची आई ऑरेलिया तर मुलगा गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात, मोहिमेवर होता तोवर, इ.स.पू. ५४ पर्यंत, हयात होती.

‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या सम्राटांच्या चरित्रसंग्रहात, ज्यावर विसंबताना अभ्यासक फार जपून असतात, आणखी तीन व्युत्पत्ती आढळतात : दाट केस, घारे डोळे आणि हत्ती. स्वेटोनियसने रेखाटलेला जूलियस मात्र काळ्या डोळ्यांचा आणि टक्कल लपवण्यासाठी धडपडणारा आहे. अर्थात, नाव पूर्वजाचे असल्यामुळे त्याने काही सिद्ध होत नाही. राहिला हत्ती. मूर लोकांच्या भाषेत हत्तीला ‘कैसाइ’ म्हणत आणि पहिल्या सीझरने युद्धात हत्ती मारला म्हणून हे नाव मिळाले, असे हा ग्रंथ सांगतो. आपल्याकडील ‘वाघमारे’ या आडनावाच्या जातीचीच ही व्युत्पत्ती. यादवी युद्धाच्या सुमारास, इ.स.पू. ४९ च्या आसपास, जूलियसने पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर सापासारखे काही तुडवणारा हत्ती असून त्याखाली CAESAR, म्हणजे केवळ ‘सीझर’, एवढीच अक्षरे आहेत, त्यामुळे ही कथा मोहक वाटते, पण पुरावा म्हणून ती अपुरीच ठरते. नावाचा खरा अर्थ बहुधा रोमनांनाही ठाऊक नव्हता.

अर्थ हरवलेल्या या नावाला वजन आले ते राजकारणामुळे. जूलियसने मृत्युपत्राने दत्तक घेतलेल्या ऑक्टेव्हियनने ते धारण केले, इ.स. ६८ मध्ये नीरोबरोबर तो वंश संपला तरी पुढच्या सम्राटांनी ते सोडले नाही, आणि अशा रीतीने उपनामाचे पद झाले. मूळ लॅटिन उच्चार ‘काइसर’ असा असल्याने जर्मनमधील ‘कायझर’ आणि अरबी-फारसीतील ‘कैसर’ ही रूपे त्याच्या अधिक जवळची आहेत, तर मराठीतील ‘सीझर’ इंग्रजीच्या वाटेने आलेला आहे. स्लाव्ह भाषांत त्याचा ‘त्सार’ झाला, जे बिरुद १५४७ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रशियाच्या चौथ्या इव्हानने घेतले. कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमदाने तर स्वतःला ‘कैसर-ए-रूम’, म्हणजे रोमचा सम्राट, म्हणवले.

भारतात हे नाव इंग्रजांच्याही कितीतरी आधी पोहोचले असावे, कारण अटकजवळच्या आरा येथील खरोष्ठी शिलालेखात कनिष्क नावाच्या एका कुषाण राजाच्या बिरुदांमध्ये ‘महाराज’, ‘राजातिराज’ आणि ‘देवपुत्र’ यांच्या पंक्तीत ‘कैसर’ असल्याचे अनेक अभ्यासक वाचतात. पुढे लाहोरचे प्राच्यविद्यापंडित लाइटनर यांनी सुचवलेले ‘कैसर-ए-हिंद’ हे रूप व्हिक्टोरिया राणीसाठी स्वीकारले गेले आणि १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात त्याची द्वाही फिरली. त्याच नावाचे पदक १९१९ मध्ये पंडिता रमाबाईंना मिळाले. गांधीजींनी आपले पदक १९२० मध्ये परत केले. स्वातंत्र्यानंतर, २२ जून १९४८ रोजी, सहाव्या जॉर्जने भारताच्या सम्राटपदाचे बिरुद अधिकृतपणे सोडले.