आत्मनियमन : रियाजाने येणारा गुण

मधुमेहाच्या रुग्णाला पथ्य सांगायला फार वेळ लागत नाही, कारण बहुतेकांना ते आधीच पाठ असते. गोड नको, रात्रीचे जेवण लवकर, रोज चालणे. दौलतगंजात इतकी वर्षे रुग्ण पाहताना मला दिसले आहे, की माहिती नसल्यामुळे पथ्य मोडले असे क्वचितच घडते. सकाळी फिरून परतताना बाड्याजवळ बेडई-जलेबीचा वास येतो, सोबतचा मित्र आग्रह करतो आणि पाठ असलेले सगळे मागे पडते. औषध कोणत्याही पद्धतीचे असो, त्याच्या अर्ध्या यशापयशाचा निकाल त्या दुकानासमोर लागतो. कळणे आणि वळणे यांच्यामधले हे अंतर कापण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात आत्मनियमन म्हणतात.

या शब्दाचा अर्थ आपण सहसा ‘मन मारणे’ असा करतो. मन मारून माणूस चार दिवस काढतो आणि पाचव्या दिवशी दुप्पट खातो. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी आत्मनियमनाचे तीन टप्पे मांडले. काम सुरू करण्याआधी नेमके काय करायचे ते ठरवणे, काम चालू असताना स्वतःवर लक्ष ठेवणे आणि काम संपल्यावर त्याची तपासणी करणे. तपासणीत जे दिसले त्यावरून पुढचे ठरते, म्हणून हे चक्र फिरत राहते. ही क्षमता जन्माबरोबर तयार मिळत नाही. ती शिकावी लागते आणि उतारवयातही शिकता येते.

ग्वाल्हेरकरांना हे समजायला लांब जावे लागू नये. हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्यापासून चालत आलेल्या आपल्या घराण्याच्या गायकीत ख्यालाची स्थायी आणि अंतरा आधी नीट, पूर्ण मांडण्याचा आग्रह आहे. विस्तार त्यानंतर, क्रमाक्रमाने. गळ्यात तान तयार असताना तिला थांबवून धरणे सोपे नसते. पण या शिस्तीत तानेला मनाई नाही, तिची जागा ठरलेली आहे. आपल्या इच्छांचेही असेच आहे. त्यांना हाकलून देण्यापेक्षा त्यांची जागा आणि वेळ ठरवून देणे अधिक टिकते.

व्यावसायिक वाढीचे उदाहरणही आपल्या लष्करातलेच आहे. राजाभैया पूंछवाले १८८२ साली जन्मले. शंकरराव पंडितांकडे त्यांची तालीम झाली. १९१७ मध्ये माधवराव शिंदे यांनी काही गवयांना पंडित भातखंडे यांच्याकडे मुंबईला स्वरलिपीची पद्धत शिकायला पाठवले, त्यांत राजाभैया होते. तेव्हा त्यांचे वय पस्तीस होते. गुरूसमोर बसून, ऐकून शिकलेल्या माणसाने त्या वयात पुन्हा विद्यार्थी व्हायचे आणि गाणे कागदावर उतरवायला शिकायचे, याला आपल्या कसबाचा अभिमान काही काळ बाजूला ठेवावा लागतो. १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. तेथे ते शिकवू लागले आणि पुढे प्राचार्यही झाले. नोकरीत वीस वर्षे झालेल्या, संगणकाची नवी प्रणाली आली की कपाळाला आठ्या घालणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

माझ्या व्यवसायात आत्मनियमनाची पहिली कसोटी ऐकण्यात लागते. हानेमान यांनी १८१० मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथात वैद्याला सांगितले आहे, की रुग्ण बोलत असताना स्वतः गप्प राहावे आणि तो विषय सोडून भरकटल्याशिवाय त्याला तोडू नये. सांगणे सोपे आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत डॉक्टर आणि रुग्ण यांच्या संभाषणांचा एक अभ्यास झाला, त्यात डॉक्टरांनी रुग्णाचे बोलणे सरासरी १८ सेकंदांतच तोडलेले आढळले. हीच गोष्ट गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या दुकानदाराची, वर्गातल्या शिक्षकाची आणि घरात सुनेशी किंवा मुलाशी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांची. उत्तर जिभेवर आलेले असताना समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देणे हा बिनखर्चाचा रियाज आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग अनेकांनी ऐकला असेल : समोरची मिठाई लगेच खाल्ली तर एक, थोडे थांबलात तर दोन. त्यावरून ‘आमच्या नातवाला धीरच नाही’ असा शिक्का मारला जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोचेस्टर येथे सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाआधी मुलांना दुसरेच एक आश्वासन दिले. काहींच्या बाबतीत ते पाळले, काहींच्या बाबतीत मोडले. आश्वासन पाळलेली मुले मिठाईसमोर सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली, मोडलेली सुमारे ३ मिनिटे. म्हणजे धीर हा मोठ्यांच्या शब्दावरच्या विश्वासावरही उभा असतो. रविवारी मेळ्याला नेतो म्हटले तर न्यावे.

आता करायचे काय? पीटर गोलविट्झर यांनी अभ्यासलेली एक साधी रीत उपयोगी पडते. ‘गोड कमी करीन’ हा संकल्प मोघम आहे. त्याऐवजी ‘मित्राने जलेबी पुढे केली, तर मी चहा मागवीन’ असे प्रसंग आणि कृती जोडून आधीच ठरवावे. ऐन वेळी विचार करावा लागत नाही. दुसरी गोष्ट तपासणीची. आम्हा जैनांमध्ये ४८ मिनिटांचे सामायिक आहे आणि दिवसभराच्या वागण्याकडे वळून पाहणारे प्रतिक्रमण आहे. आपल्या घरांत दिवेलागणीची वेळ आहे. धर्म कोणताही असो, त्या वेळी वहीत दोन ओळी लिहाव्यात : आज ठरवलेले कुठे जमले, कुठे निसटले आणि त्या आधी काय घडले होते. स्वतःला रागावू नये, नोंद करावी. महिन्याला एकच सवय हाती घ्यावी.

वैद्य म्हणून एक सांगणे उरते. अपुरी झोप, उपाशीपोट आणि दुखणे यांत कोणाचाही तोल सुटतो. मधुमेहाच्या रुग्णाची साखर फार उतरली तर एरवी शांत असलेला माणूसही चिडतो, त्याला घाम फुटतो, हात थरथरतात. त्या वेळी उपदेश न करता त्याला लगेच साखर द्यावी. महिनोन्‌महिने उदासी किंवा चिडचिड राहिली तर तो स्वभावाचा दोष न मानता तपासून घ्यावे. बाकीच्या दिवसांसाठी रियाज आहेच, आणि रियाजात खंड पडला म्हणून कोणी तानपुरा फेकून देत नाही. तो पुन्हा जुळवून बसायचे असते.