अनुराधापूर : संघमित्रेच्या बोधिवृक्षाचे शहर कसे पाहावे?

बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी ही धम्मस्थळे पाहून झाली की आपल्यातील अनेक कुटुंबे, उपासक-उपासिकांचे गट आता श्रीलंकेच्या सहलीचा विचार करतात. सहलीच्या कार्यक्रमात अनुराधापूरच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. बोधिवृक्षाचे दर्शन, एका स्तूपासमोर फोटो, आणि बस पुढे कँडीच्या रस्त्याला लागते. आमचे सांगणे असे आहे की या शहराला निदान दोन दिवस द्यावेत. कारण अनुराधापूर हे केवळ जुने अवशेष असलेले गाव नाही. तेराशेहून अधिक वर्षे ते सिंहली राजांची राजधानी होते आणि थेरवाद परंपरा आज ज्या रूपात आपल्याला दिसते, ते रूप घडण्यात या शहराचा मोठा वाटा आहे.

आपले नाते तर आणखी जवळचे आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्या बोधिवृक्षाखाली आपण नतमस्तक होतो, तो भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांदीपासून लावलेला आहे.

सुरुवात बोधिवृक्षापासून

इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर लंकेत आले. राजा देवानांपिय तिस्स याने धम्म स्वीकारला. ‘महावंस’ या पाली ग्रंथात पुढची हकिगत येते. राजघराण्यातील अनुला हिने व तिच्यासोबतच्या स्त्रियांनी प्रव्रज्येची मागणी केली. स्त्रियांना भिक्खुणी संघात प्रवेश देण्यासाठी भिक्खुणी हव्यात, म्हणून महिंदांनी आपली बहीण संघमित्रा हिला बोलावून घ्यायला सांगितले. संघमित्रा थेरी ताम्रलिप्ती बंदरातून जहाजाने निघाल्या आणि सोबत बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची दक्षिण शाखा घेऊन आल्या.

ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. लंकेत बोधिवृक्ष आला तो स्त्रियांनी संघाचे दार ठोठावले म्हणून. मार्गदर्शक ही बाजू नेहमी सांगतातच असे नाही. त्यामुळे ती आपल्याला माहीत असलेली बरी.

जय श्री महाबोधी या नावाने हा वृक्ष ओळखला जातो. माणसाने लावलेल्या आणि ज्याचा इतिहास लिहून ठेवलेला आहे अशा वृक्षांत तो जगातला सर्वात जुना मानला जातो. उंच ओट्यावर, कठड्याच्या आत तो आहे. त्याच्या जुन्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले दिसतात. पहाटे किंवा संध्याकाळी पूजेच्या वेळी जावे. पांढऱ्या वस्त्रांतील उपासक फुलांची तबके घेऊन येतात, पाली गाथा म्हणतात, आणि बराच वेळ शांत बसून राहतात. गाथा आपल्याच असतात, फक्त चाल थोडी वेगळी. त्यांच्यात बसून त्रिसरण-पंचशील म्हणण्यास कोणाची आडकाठी नसते.

शेजारीच दगडी खांबांचे दाट रान दिसते. हा लोवामहापाय, म्हणजे भिक्खूंचा जुना प्रासाद. ‘महावंसा’प्रमाणे तो नऊ मजली होता. आज उरले आहेत ते सुमारे १,६०० दगडी खांब.

स्तूप पाहताना

आपल्याला भाजे, कार्ले येथील कातळात कोरलेल्या स्तूपांची सवय असते. अनुराधापूरचे स्तूप विटांचे आहेत आणि लांबून टेकडीसारखे दिसतात. तीन स्तूप क्रमाने पाहिले तर वाढत गेलेले प्रमाण कळते.

पहिला थुपाराम. देवानांपिय तिस्साच्या काळातील हा लंकेतला पहिला स्तूप. आकाराने लहान, भोवती बारीक दगडी खांबांची वर्तुळे. आजचे रूप एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराचे आहे.

दुसरा पांढराशुभ्र रुवनवेलिसाय. इ.स.पू. दुसऱ्या शतकात राजा दुट्ठगामणी याने तो बांधायला घेतला. भोवतीच्या भिंतीवर हत्तींची रांग आहे. याच राजाने तामिळ राजा एलार याला युद्धात हरवले. एलार परधर्मीय असूनही न्यायी होता, हे ‘महावंस’ मान्य करतो. त्याच्या मृत्यूनंतर दुट्ठगामणीने त्याचे स्मारक उभारून तेथे आदर राखण्याची आज्ञा दिली, असेही तो सांगतो. ज्या देशाने सिंहली-तामिळ यादवी भोगली आणि ज्या शहरात मे १९८५ मध्ये बोधिवृक्षाच्या परिसरात सामान्य यात्रेकरूंवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेथे ही आठवण मोलाची आहे.

तिसरा जेतवनाराम. राजा महासेन याच्या काळात, तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तो सुरू झाला. मूळ उंची सुमारे १२२ मीटर होती असे मानतात, म्हणजे त्या काळी गिझाच्या दोन मोठ्या पिरॅमिडखालोखाल जगातील सर्वात उंच बांधकाम. अंदाजे ९ कोटींहून अधिक विटा त्यात लागल्या. आज तो ७१ मीटर उरला आहे. येथे गिलावा नाही, उघड्या विटा दिसतात, म्हणून बांधणी समजून घ्यायला हाच स्तूप उत्तम.

अभयगिरी : विद्यापीठ आणि वाद

इ.स.पू. पहिल्या शतकात राजा वट्टगामणी अभय याने अभयगिरी विहार बांधला. जुना महाविहार आणि नवा अभयगिरी यांच्यात विनय आणि ग्रंथांवरून शतकानुशतके मतभेद राहिले. महायान विचारांना अभयगिरीत जागा होती. चिनी भिक्खू फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला दोन वर्षे लंकेत राहिले. बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी पंखा पाहून त्यांना घराची आठवण आली आणि डोळे भरून आले, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. त्याच शतकात महाविहारात बसून आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला.

अभयगिरीच्या परिसरात तीन गोष्टी चुकवू नयेत. ध्यानस्थ समाधी बुद्धमूर्ती, कुट्टम पोकुण ही दगडी जुळी पुष्करणी, आणि पायरीशी असलेली अर्धवर्तुळाकार चंद्रशिला. चंद्रशिलेवर ज्वाला, हत्ती-घोडा-सिंह-बैल, वेल, हंस आणि मधोमध कमळ असे पट्टे आहेत. पुष्करणीत पाणी येण्याआधी गाळ खाली बसावा म्हणून लहान दगडी कुंड्यांची योजना आहे, ती शोधून पाहावी.

पाण्याची ही समज शहरभर दिसते. तिस्स वेव, अभय वेव, नुवर वेव हे प्राचीन तलाव आजही भरतात आणि शेतीला पाणी देतात. पाचव्या शतकात राजा धातुसेनाने कला वेव बांधला आणि तेथून सुमारे ८७ किलोमीटरच्या कालव्याने पाणी शहरात आणले. कोरड्या मुलखात एवढी मोठी राजधानी इतकी वर्षे टिकली ती या तलावांमुळे. संध्याकाळी तिस्स वेवच्या बांधावर फेरफटका मारावा. जवळच खडकात वसलेला इसुरुमुनिय विहार आहे. तेथील हत्तींचे आणि प्रेमी युगुलाचे शिल्प प्रसिद्ध आहे.

दुसरा दिवस मिहिंतलेसाठी

पूर्वेला १२-१३ किलोमीटरवर मिहिंतलेचा डोंगर आहे. महिंद थेर आणि राजा यांची पहिली भेट येथे झाली. सुमारे १,८०० पायऱ्या आहेत, पण वाहनाने बराच भाग टाळता येतो. पायथ्याशी प्राचीन रुग्णालयाचे अवशेष असून रुग्णाला औषधी द्रवात झोपवण्याची माणसाच्या आकाराची दगडी द्रोणी सापडली आहे. करुणा प्रत्यक्ष व्यवहारात कशी उतरते, ते येथे कळते.

उघड्या डोळ्यांनी पाहावे

१९५० साली बाबासाहेब कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले, तेव्हा तेथे धम्म प्रत्यक्ष कसा पाळला जातो हे त्यांना पाहायचे होते. आपणही तसेच पाहावे. दोन प्रश्न सोबत ठेवावेत.

पहिला जातीचा. १७५३ साली सुरू झालेल्या सियाम निकायात उच्च मानलेल्या गोविगम जातीलाच उपसंपदा मिळू लागली. म्हणून इतर जातींच्या लोकांना ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली आणि अमरपूर निकाय जन्माला आला. धम्माच्या देशातही जात शिरू शकते, हे आपण विसरू नये.

दुसरा भिक्खुणी संघाचा. पाचव्या शतकात सिंहली भिक्खुणींनी समुद्रमार्गे चीनला जाऊन तेथील स्त्रियांना उपसंपदा दिली. अकराव्या शतकाच्या सुमारास मात्र लंकेतील भिक्खुणी परंपरा खंडित झाली. १९९६ मध्ये सारनाथ येथे दहा श्रीलंकन स्त्रियांनी पुन्हा उपसंपदा घेतली. आज तेथे भिक्खुणी आहेत, पण ज्येष्ठ महानायकांचा विरोध मावळलेला नाही.

हे सांगण्यामागे कोणाला कमी लेखण्याचा हेतू नाही. हे प्रश्न आपल्या विहारांतही आहेत.

काही व्यावहारिक सूचना

कोलंबोहून अनुराधापूर सुमारे २०० किलोमीटर आहे. रेल्वे आणि बस दोन्ही मिळतात. अवशेष दूरवर पसरलेले असल्याने भाड्याची सायकल किंवा रिक्षा घ्यावी. खांदे व गुडघे झाकणारे, शक्यतो पांढरे कपडे घालावेत. पवित्र आवारात चपला आणि टोपी काढावी लागते. दुपारी दगड तापतात, म्हणून मोजे जवळ ठेवावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तेथे अपमानकारक समजतात. पुरातत्त्व क्षेत्रासाठी परदेशी पाहुण्यांना तिकीट असते.

जून महिन्याच्या आसपास येणारी पोसोन पौर्णिमा महिंदांच्या आगमनाची, तर डिसेंबरच्या सुमारास येणारी उंदुवप पौर्णिमा संघमित्रेच्या आगमनाची. पोसोनला प्रचंड गर्दी असते आणि वाटेवर ठिकठिकाणी यात्रेकरूंना मोफत भोजन दिले जाते. आपल्या दीक्षाभूमीची आठवण यावी असे ते दृश्य असते. शांतपणे पाहायचे असेल तर उंदुवपच्या आसपास जावे. जाताना लेकींना आवर्जून सोबत न्यावे आणि अनुलेची मागणी त्यांना बोधिवृक्षासमोरच सांगावी.