जुन्या घराचा व्यवहार : खरेदी, दुरुस्ती आणि विक्री

जुने घर विकत घ्यावे, त्याची डागडुजी करावी आणि चार पैसे मिळवून ते दुसऱ्यास विकावे, हा व्यवहार वरवर पाहता अगदी सरळ दिसतो. शहराची वस्ती वाढते, जमीन वाढत नाही. तेव्हा घराची किंमत चढतच राहणार, असा सर्वसाधारण समज असतो. या समजापोटी निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम, पत्नीचे दागिने मोडून उभा केलेला पैसा किंवा बँकेचे कर्ज अशा व्यवहारात घालणारी मंडळी भारतातील प्रत्येक शहरात आढळतात. त्यांपैकी काहींना लाभ होतो. काहींचा पैसा वर्षानुवर्षे अडकून पडतो. हा फरक केवळ नशिबाचा नसतो. घराची मालकी, घराची प्रकृती आणि पैशाचा हिशेब या तीन गोष्टी कोणी किती बारकाईने पाहिल्या, यावर तो बव्हंशी अवलंबून असतो. त्यांचा येथे क्रमाने विचार करू.

मालकीचा शोध

आपल्या देशात १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच करावी लागते. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आणि नोंदणीचा १९०८ चा कायदा हे या व्यवस्थेचे दोन आधारस्तंभ होत. परंतु येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. नोंदणी झाली म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली, असा तिचा अर्थ नाही. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो; विकणारा खरोखर मालक होता की नाही याचा निवाडा तो करीत नाही. जो स्वतः मालक नव्हता त्याने करून दिलेले खरेदीखत नोंदले गेले, तरी घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. म्हणूनच जाणकार वकील मागील तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घेतात. महाराष्ट्रात त्यासाठी सूची क्रमांक दोन पाहतात. तमिळनाडू व कर्नाटकात मिळकतीवरील बोजांचा दाखला मागवतात.

साठेखत आणि खरेदीखत यांतील भेदही असाच महत्त्वाचा आहे. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. त्याने मिळकतीत कोणताही मालकी हक्क निर्माण होत नाही, असे १८८२ चा कायदाच सांगतो. दिल्लीसारख्या शहरात अनेक वर्षे करारपत्र, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी तीन कागदपत्रे हाती देऊन घरे विकली जात. त्यामुळे मुद्रांक शुल्क वाचे आणि भाडेपट्ट्याच्या जमिनीबाबत परवानगी मागण्याची कटकटही टळे. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. स्वस्तात मिळणाऱ्या घराच्या मागे पुष्कळदा असाच एखादा अपुरा कागद दडलेला असतो.

जुन्या घराच्या बाबतीत सर्वांत मोठा प्रश्न वारसांचा. आजोबांच्या नावावरील घर एकटा नातू विकावयास निघतो, तेव्हा त्याच्या आत्या, चुलते आणि बहिणी यांच्या हक्कांचे काय झाले, हे विचारले पाहिजे. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला. वडील त्या वेळी हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. लग्न होऊन परगावी गेलेली बहीण सही करण्यास आली नाही, तर घर विकणाऱ्याचा हिस्सा तेवढाच विकला जातो. आणि तिला न विचारता घर विकले गेले असेल, तर तिच्या दृष्टीने तो केवळ कागदाचा दोष नसून स्वतःच्या हक्कावर झालेला अन्याय असतो, हेही घेणाऱ्याने विसरू नये.

गोव्यात ही गुंतागुंत निराळ्या प्रकारची आहे. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यानुसार, वेगळा करार झालेला नसल्यास, पतिपत्नींची मिळकत सामाईक मानली जाते. म्हणून विक्रीस दोघांचीही संमती लागते. कौलारू छपराची, प्रशस्त ओसरीची जुनी घरे विकत घेऊन ती सजवण्याकडे अलीकडे बाहेरच्या अनेकांचा ओढा आहे. अशा एकेका घराचे वारस मुंबईत, लिस्बनमध्ये, आखाती देशांत विखुरलेले असतात. त्या सर्वांच्या सह्या गोळा करणे हेच तेथील व्यवहारातील खरे काम होऊन बसते. छपराची दुरुस्ती त्यामानाने सोपी.

घरात भाडेकरू असेल तर विक्रीमुळे त्याचा हक्क संपत नाही. नवा मालक केवळ जुन्या मालकाच्या जागी येतो. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. त्यामुळे मालकास दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूस जागा सोडवेना, अशी अवस्था होऊन शेकडो चाळी जीर्ण झाल्या. पागडीची पद्धत याच परिस्थितीतून फोफावली. भाडेकरू ‘लवकरच निघून जाईल’ या तोंडी आश्वासनावर घर घेणारा माणूस बहुधा एक घर आणि एक दावा अशा दोन्ही गोष्टी विकत घेतो.

घराची प्रकृती

कागद चोख निघाले की घर पाहावे. आणि ते शक्यतो पावसाळ्यात पाहावे. उन्हाळ्यात रंग दिलेली भिंत आपले दोष लपवते. ओल दिसल्यास ती कोठून येते हे आधी ठरवावे. गच्चीतून झिरपणारी ओल छतावर दिसते. नळाच्या फुटीची ओल एका ठिकाणी बारमाही राहते. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या तळाशी आडवा पट्टा उमटवते. तिन्हींचे उपाय भिन्न आहेत. कारण न शोधता दिलेला रंग एक पावसाळाही टिकत नाही.

चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती ओल शोषतात, तशी ती बाहेरही टाकतात. अशा भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढवला की ओलीला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. ती आतल्या आत साचून वीट कुजवते. जुन्या वाड्यांची पुष्कळशी नासाडी दुरुस्तीच्या अभावाने नव्हे, तर अशा चुकीच्या दुरुस्तीने झालेली आहे.

काँक्रीटच्या इमारतींचे दुखणे वेगळे असते. काँक्रीटमधील लोखंडी सळी गंजली की फुगते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्या दाबाने बाहेरचे काँक्रीट तडकते आणि पोपडे सुटतात. समुद्रकाठच्या शहरांत हवेतील क्षारांमुळे ही क्रिया वेगाने होते. गंज न काढता वरून सिमेंट थापणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे होय. शिवाय सदनिकेतील छत, बाहेरच्या भिंती आणि खांब एकट्याच्या मालकीचे नसतात. वरच्या मजल्यावरील न्हाणीघर गळत असेल तर खालच्या माणसाने कितीही खर्च केला तरी गळती थांबत नाही. खोली मोठी करण्यासाठी मधली भिंत पाडण्याचा मोह होतो. परंतु ती भार पेलणारी भिंत असल्यास संपूर्ण इमारतीतील माणसांचा जीव धोक्यात येतो. स्थापत्य अभियंत्याचा सल्ला आणि संस्थेची व नगरपालिकेची परवानगी हे येथे उपचार नव्हेत.

कामाचा क्रमही ठरलेला आहे : प्रथम छप्पर, नंतर पाणी व सांडपाण्याचे नळ, त्यानंतर विजेच्या तारा, मग गिलावा, फरशी आणि शेवटी रंग. हा क्रम मोडला की नवी फरशी फोडून नळ बदलण्याची पाळी येते.

हिशेब

आता पैशाचा विचार करू. समजा, एका गृहस्थाने ४० लाखांची सदनिका घेतली. त्यांपैकी ३० लाख द.सा.द.शे. ९ दराने कर्जाऊ घेतले. मुद्रांक शुल्क व नोंदणीचे ७ टक्के, म्हणजे २ लाख ८० हजार झाले. वकील व दलाल यांना ६० हजार दिले. दुरुस्तीस ६ लाख लागले. चौदा महिन्यांनी ती सदनिका ५५ लाखांस विकली. शेजारी म्हणाले, पंधरा लाख सुटले.

वस्तुस्थिती अशी की, चौदा महिन्यांचे व्याज ३ लाख १५ हजार, संस्थेची वर्गणी व घरपट्टी महिना अडीच हजारांप्रमाणे ३५ हजार आणि विक्रीची दलाली ५५ हजार झाली. सर्व मिळून खर्च ५३ लाख ४५ हजार. हाती उरले १ लाख ५५ हजार, आणि तेही कर भरण्यापूर्वी. त्यांनी स्वतःचे सुमारे १९ लाख ४० हजार गुंतवले होते. ती रक्कम ७ टक्के व्याजाने ठेवली असती तर तेवढ्या काळात सुमारे १ लाख ५८ हजार मिळाले असते. विक्रीस आणखी सहा महिने लागले असते, तर व्याज व वर्गणी यांत दीड लाख जाऊन अवघे ५ हजार उरले असते. या व्यवहारात नफा खातो तो काळ. म्हणून विक्रीच्या भावाविषयी आशा बाळगण्यापूर्वी खरेदीच्या भावाविषयी घासाघीस करावी.

कराचे स्वरूप हेतूवर आणि कालावधीवर ठरते. घर २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगले तर नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के दराने कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तीस महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा जुना हिशेब करून पाहण्याची मुभा ठेवली आहे. त्याहून कमी काळात विकल्यास नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो. घरात भर घालणाऱ्या कामाचा खर्च वजा होऊ शकतो, पण त्यासाठी पावत्या हव्यात. आणि वरील सर्वच खर्चांची वजावट मिळेल असे गृहीत धरू नये.

परंतु मुळात विकण्यासाठीच घेतलेली मिळकत ही भांडवल नव्हे, तर व्यापाराचा माल ठरू शकते. जी. वेंकटस्वामी नायडू आणि कंपनी या पेढीने १९४१-४२ मध्ये एका गिरणीलगतचे चार भूखंड ८,७१३ रुपयांस घेतले आणि १९४७ साली त्याच गिरणीला ५२,६०० रुपयांस विकले. ही पेढीच त्या गिरणीचे व्यवस्थापन पाहत होती. हा एकच व्यवहार होता, तरी त्यामागील हेतू व्यापाराचा होता. म्हणून तो नफा व्यापारी उत्पन्न होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली ठरवले. वरचेवर घरे घेऊन विकणाऱ्याने हा निर्णय ध्यानात ठेवावा.

रोखीचा मोहही टाळावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने आगाऊ घेण्यास २०१५ पासून मनाई आहे. किंमत कमी दाखवली तरी शासनाचे मूल्यांकन विचारात घेतले जातेच.

घर आणि माणसे

२०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. त्याच सुमारास, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी, तज्ज्ञगटाने नागरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख इतकी मानली होती. बंद पडलेले, गळके घर दुरुस्त करून राहत्या माणसाच्या हाती देणारा गुंतवणूकदार या विसंगतीत थोडीशी का होईना, उपयुक्त भर घालतो. घर कुलूपबंद ठेवून केवळ भाव चढण्याची वाट पाहणारा मात्र तीच विसंगती वाढवतो.

दोघांचाही उद्देश नफ्याचाच असतो. पण पहिल्याचा नफा त्याने केलेल्या कामाचा मोबदला असतो, म्हणून तो अधिक भरवशाचा. ज्यास हा व्यवहार करावयाचा आहे त्याने पहिले घर घेताना स्वतःस एक प्रश्न विचारावा : हे घर विकले गेले नाही, तर मी त्यात राहू शकेन काय, किंवा ते भाड्याने देऊन कर्जाचे हप्ते फेडू शकेन काय? उत्तर नकारार्थी असेल, तर संसाराची पुंजी त्यात न घालणे हेच शहाणपणाचे होय.